आईचा आजार आणि मुलीचे स्थळ

आयुधनिर्माणीमुळे वरणगावात चारी दिशांची माणसे येऊन स्थायिक झाली. त्यांपैकी एका गृहस्थांनी आम्हांस विचारले, "फादर, मुलीला स्थळ आले आहे. तिची आई मागे नैराश्यावर औषध घेत होती. पाहुण्यांना सांगावे काय?" आम्ही लगेच उत्तर दिले नाही. पूर्वी एकदा अशाच एका खिन्न भगिनीस आम्ही अधिक प्रार्थना करण्याचा सल्ला दिला होता. ती रात्ररात्र प्रार्थनाच करीत होती, हे आम्ही विचारलेही नव्हते.

हा आजार रक्तातून उतरतो काय? याचा शोध शास्त्रज्ञांनी जुळ्या भावंडांत घेतला. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात. द्विबीज जुळ्यांत इतर सख्ख्या भावंडांइतकेच साम्य असते. दोन्ही प्रकारची जुळी सहसा एकाच घरात वाढतात. तेव्हा एकबीज जोड्यांत दोघांनाही हा आजार अधिक वेळा आढळला, तर त्यावरून आनुवंशिकतेचा वाटा अजमावता येतो. केनेथ केंडलर व सहकाऱ्यांनी 2006 साली स्वीडनमधील 15,493 जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हा वाटा स्त्रियांत सुमारे 42 टक्के व पुरुषांत 29 टक्के निघाला. आईवडील वा भावंडांत कोणास हा आजार असल्यास धोका साधारण अडीच ते तीन पट वाढतो, असे कुटुंबांच्या अभ्यासांतून दिसते. एकाच जनुकाकडे बोट दाखविण्याचे दिवस मात्र सरले. जनुके अनेक आहेत आणि प्रत्येकाचा प्रभाव अगदी अल्प.

आता 42 टक्के म्हणजे एखाद्या स्त्रीच्या दुःखातले 42 भाग रक्ताचे, असा अर्थ पुष्कळांकडून केला जातो. तो चुकीचा आहे. हा आकडा समूहातील माणसामाणसांतल्या फरकाविषयी बोलतो. आपल्या रावेरकडची केळीची बाग पाहावी. टिश्यूकल्चरची रोपे म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. त्यांतले एक उंच वाढले व दुसरे खुजे राहिले, तर तो फरक जवळजवळ सारा पाण्याचा, खताचा, वाऱ्याचा. तेथे आनुवंशिकतेचा वाटा शून्याजवळ येईल. म्हणून केळीला वाण नसते असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. शेत बदलले की आकडा बदलतो, आणि स्वीडन हे काही खानदेशाचे शेत नव्हे.

शेवटी आम्ही त्या गृहस्थांना म्हटले, मुलीला स्वतःला आजार असता तर वरास सांगणे कर्तव्यच ठरले असते. संमती मिळविण्यासाठी जोडीदाराविषयी केलेल्या फसवणुकीबद्दल 1983 च्या कॅनन कायद्यातील 1098 वे कलम स्पष्ट आहे. आईचा आजार मात्र आईचा आहे. तिला न विचारता तो बैठकीत मांडण्याचा अधिकार आपणांस नाही, आम्हांसही नाही. मुलीला तेवढे ठाऊक असू द्यावे. उद्या बाळंतपणानंतर मन खचलेच, तर तिने त्यास श्रद्धेची उणीव समजू नये, वेळीच डॉक्टरांकडे जावे. हे उत्तर पुरेसे होते काय, याविषयी आम्ही आजही साशंक आहोत.

त्यांनी घरी जाऊन पत्नीला विचारले. "मीच सांगते," ती म्हणाली. पाहुणे आले त्या दिवशी तिने सांगितले. मुलाची आई काही वेळ गप्प राहिली आणि मग हळूहळू स्वतःच्या धाकट्या भावाविषयी बोलू लागली.