हंसण्याचा अधिकार

गेल्या पावसाळ्यांत, म्हणजे माणदेशांत ज्यांना पावसाळा म्हणण्याची रीत आहे त्या चार महिन्यांत, आमचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून आटपाडीस आला आणि आमच्या ओसरीवर बसून त्यानें मोबाईलवर आम्हांस एक अल्बम ऐकविला. नांव 'खूनी मुर्गा'. गाणारी मंडळी मुंबईची. त्यांच्या वाद्यवृंदाचें नांव 'वर्कशॉप'. संगीत 'मेटल' या जातीचें. ज्या वाचकांच्या कानांवर तें पडलें नसेल त्यांच्यासाठीं इतकेंच सांगतों कीं, इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरांतून आलेल्या 'ब्लॅक सॅबथ'च्या १९७० मधील पहिल्या अल्बमपासून त्याची वंशावळ सामान्यतः मोजतात. गिटारींचा गडगडाट, ढोलांचा मारा आणि गळ्यांतून गुरगुरत येणारे मृत्यु, सैतान व सर्वनाश यांचे उद्गार, हा त्याचा नित्याचा संसार. 'वर्कशॉप'नें तो सारा संसार जसाच्या तसा उचलला आणि सैतानाच्या जागीं कोंबडा बसविला.

गंमत अशी कीं, यांतील गायक साहिल मखिजा हे याच संगीताचे गंभीर उपासक आहेत. २००० सालीं मुंबईंत सुरू झालेल्या 'डिमॉनिक रिझरेक्शन' या वाद्यवृंदाचे ते प्रवर्तक. तेथें ज्या गळ्यानें ते अंधकाराचें स्तोत्र गातात त्याच गळ्यानें येथें कोंबड्याला आळवितात. २००९ सालीं 'खूनी मुर्गा' निघाला तोही त्यांच्याच 'डीमनस्टीलर रेकॉर्ड्स' या संस्थेकडून. म्हणजे जुन्या ग्रंथकारांच्या भाषेंत, स्वखर्चानें. आमचा विद्यार्थी पोट धरधरून हंसत होता. आम्हीही एकदोनदां हंसलों. पण तो गेल्यावर मनांत एक प्रश्न उरला. ज्याची उपासना करावयाची त्याचीच टर उडविणाऱ्या मनुष्यास अप्रामाणिक म्हणावें काय? सकाळीं पूजा करून संध्याकाळीं त्याच देवाची नक्कल करणाऱ्याची कोणती भक्ति खरी धरावी?

या प्रश्नाचें उत्तर आमच्याकडे फार पूर्वीं देऊन ठेवलेलें आहे. फक्त तें ग्रंथांत नसून फडांत आहे. यात्रेंतल्या तमाशाला आमचा माणदेशी धनगर बसतो. आरंभीं गण होतो, तेव्हां तो गणपतीला हात जोडतो. लगेच गौळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट पेंद्यासह कृष्ण अडवितो, आणि मावशी (म्हणजे लुगडें नेसलेला पुरुषच) प्रत्यक्ष भगवंताची अशी झडती घेते कीं एखाद्या गुरें चोरणाऱ्याचीही कोणी घेणार नाहीं. धनगर हंसून बेजार होतो. त्याच्याच गळ्यांत माळ असते आणि आषाढांत तो पंढरीची वाट चालतो. त्याच्या मनांत या दोहोंचें भांडण लागलेलें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. भांडण लागतें तें आम्हां शिकलेल्यांच्या मनांत. गांभीर्य म्हणजेच श्रद्धा, हें समीकरण आम्हीं कोठून उचललें कोण जाणे. बहुधा शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेंतून.

ग्रंथांकडेच वळावयाचें तर भरतमुनींनीं शृंगार, रौद्र, वीर व बीभत्स हे चार मूळ रस मानून हास्याची उत्पत्ति शृंगाराच्या अनुकरणापासून सांगितली आहे. अभिनवगुप्तांनीं हें क्षेत्र वाढविलें. केवळ शृंगाराचाच नव्हे, तर कोणत्याही रसाचा अनुचित ठिकाणीं आभास झाला कीं तेथें हास्य उत्पन्न होतें, असा त्यांचा आशय. मेटल संगीत म्हणजे रौद्र आणि बीभत्स यांची जोडी. ती कोंबड्यावर खर्च केली कीं हास्य आलेंच. या मंडळींच्या एका गाण्याचें नांव 'पुढे सरका' असें आहे. बसच्या कंडक्टरची रोजची आरोळी प्रलयाच्या सुरांत ऐकावयास मिळाली असती तर अभिनवगुप्तांस दुसरें उदाहरण शोधावें लागलें नसतें.

मात्र यांत एक अट लपलेली आहे. आभास उत्पन्न करण्यासाठीं मूळ रस हुबेहूब साधावा लागतो. गिटार कच्ची वाजली तर रौद्रही नाहीं आणि हास्यही नाहीं. उरते ती नुसती फजिती. आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूचीं फुलें'चें बळ तरी दुसरें कोणतें होतें? ज्या कवींची त्यांनीं १९२५ सालीं चेष्टा केली त्यांचीं वृत्तें त्यांना त्या कवींइतकींच वश होतीं. १९८४ च्या 'धिस इज स्पायनल टॅप' या चित्रपटांत एका काल्पनिक मेटल वाद्यवृंदाची थट्टा आहे. त्यांतील नटांनीं तें संगीत स्वतः वाजविलें व गायिलें, आणि कित्येक प्रेक्षकांस तो वाद्यवृंद खराच वाटला. थट्टेचा अधिकार कसबानें मिळतो, आणि कसब हें प्रेमावांचून येत नाहीं, असें आम्हीं त्या रात्रीं ठरवून टाकलें व समाधानानें निजलों.

समाधान फार टिकलें नाहीं. स्वखर्चाची गोष्ट मनांत घोळूं लागली. नाटकांतला विदूषक राजाचे मोदक खाऊन राजाचीच थट्टा करतो. कोठें थांबावयाचें हें ते मोदकच ठरवितात. पदरमोड करून हंसविणाऱ्याला असा लगाम नसतो. त्याला प्रकाशक नाहीं, मालक नाहीं. बुडालें तर त्याचेंच बुडतें. हें स्वातंत्र्य आम्हांस मनापासून आवडतें. परंतु पदरमोडीनें फार तर आश्रयदात्याचें ऋण टळतें. ज्याच्यावर आपण हंसलों त्याचें टळत नाहीं. सैतानाला अब्रू नाहीं, कोंबड्यालाही नाहीं. त्यांची थट्टा फुकट पडते. जिवंत मनुष्य समोर बसला असला म्हणजे?

नोकरीच्या आरंभीं आम्ही ज्या कॉलेजांत होतों तेथें संस्कृत शिकविणारे एक वृद्ध शास्त्रीबोवा होते. मेघदूत म्हणतांना ते डोळे मिटून झुलत, आणि प्रत्येक चरणाच्या शेवटीं त्यांची कवळी किंचित् वाजे. स्नेहसंमेलनांत त्यांच्याच सर्वांत लाडक्या विद्यार्थ्यानें त्यांची नक्कल केली. कार्यक्रमांची निवड आमच्याकडे होती. तालीम आम्हींच पाहिली आणि आम्हींच ती मंजूर केली. कसबांत कांहीं उणें नव्हतें. झुलणें तेंच, स्वर तोच, कवळीचा आवाज तर जिभेनें असा काढला होता कीं सभागृह कोसळलें. त्या मुलाचें शास्त्रीबोवांवर प्रेम नव्हतें असें म्हणणें खोटें होईल. सगळा मेघदूत त्याला त्यांच्यामुळेंच पाठ होता. पहिल्या रांगेंत शास्त्रीबोवाही हंसत होते. आम्ही तर रुमाल तोंडाशीं धरून हंसलों.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्यांनीं त्या मुलाला उभें केलें. "अरे, काल तिसऱ्या चरणांत तुझी यति चुकली. पुन्हां म्हण." मुलानें खालमानेनें, स्वतःच्या आवाजांत, श्लोक म्हटला. "आतां बरोबर," ते म्हणाले आणि पुढचा पाठ सुरू झाला. रागाचा एक शब्द नाहीं. पण त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत शास्त्रीबोवांनीं वर्गांत स्वतः श्लोक म्हटला नाहीं. ते विद्यार्थ्यांकडून म्हणवून घेत, आणि यति चुकली तर टेबलावर बोटानें एक ठोका देत.