साक्ष आणि उलटतपासणी

एखाद्या कलाकृतीतील हिंसा वर्णिलेल्या जगाची की वर्णन करणाऱ्याची, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. लेखक आणि निवेदक यांच्यात भेद करण्याची सवय समीक्षेच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तो भेद उच्चारला म्हणजे नैतिक चर्चाच संपली, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. कॅलिफोर्नियातील एन.डब्ल्यू.ए. या कृष्णवर्णीय गटाचा ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ (१९८८) हा गँगस्टा रॅपचा ध्वनिमुद्रित संग्रह हे गृहीत तपासायला भाग पाडतो.

संग्रहातील पोलिसांविरुद्धचे गाणे सर्वाधिक गाजले. एप्रिल १९८८मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी ‘ऑपरेशन हॅमर’ या मोहिमेत एका शनिवार-रविवारात हजाराहून अधिक लोकांना अटक केली होती. हे गाणे त्याच काळातले. ऑगस्ट १९८९मध्ये एफ.बी.आय.चे सहायक संचालक मिल्ट अलरिच यांनी वितरक कंपनीला पत्र लिहिले. गाणे पोलिसांविरुद्ध हिंसेला उत्तेजन देते, असा त्यांचा आक्षेप होता आणि १९८८मध्ये कर्तव्य बजावताना ७८ पोलीस मारले गेल्याची आठवणही त्यात होती. हा आकडा क्षुल्लक नव्हे. तथापि पत्रलेखकाने गाण्याचे रूप पाहिलेच नाही. ते रूप खटल्याचे आहे. डॉ. ड्रे न्यायाधीश आहेत; आइस क्यूब, एम. सी. रेन आणि ईझी-ई साक्ष देतात. आणि अखेरीस पोलीस दोषी ठरतो. खऱ्या न्यायालयात ज्यांच्या शब्दाला किंमत नाही त्यांनी स्वतःचे न्यायालय उभारले, ही या रचनेतील खरी कृती होय. धमक्या आहेत, पण त्या साक्षीच्या चौकटीत येतात. ३ मार्च १९९१ रोजी रॉडनी किंग यांना झालेल्या मारहाणीची चित्रफीत उपलब्ध असूनही २९ एप्रिल १९९२ रोजी राज्याच्या न्यायालयातील ज्यूरीने चौघा पोलिसांपैकी कोणालाही दोषी ठरवले नाही, तेव्हा त्या कल्पित न्यायालयाची गरज कशातून उपजली होती हे गाणे न ऐकणाऱ्यांनाही कळले असेल.

अडचण पुढे आहे. याच संग्रहात स्त्रियांविषयी जे म्हटले जाते त्याला खटल्याचे रूप नाही. तिथे केवळ निकाल आहे. स्त्रीचा आवाज क्वचित ऐकू येतो, पण साक्षीदार म्हणून नव्हे. गटातील कलावंत आपल्या रचनेला ‘वास्तवाचे रॅप’ म्हणत. त्यांचे समर्थक कधी हा दावा पुढे करतात, तर कधी बोलणारा हा केवळ कल्पित टोळीवाला असल्याचे सांगतात. दोन्ही बचाव एकाच वेळी टिकत नाहीत. पात्र कल्पित असेल तर ती साक्ष नव्हे. आणि साक्ष असेल तर उलटतपासणी टाळता येत नाही.

मराठी समीक्षेला हा पेच ओळखीचा वाटावा. ब्लॅक पँथर चळवळीपासून स्फूर्ती घेऊन १९७२मध्ये दलित पँथरची स्थापना झाली. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ही त्याच वर्षीचा. त्या भाषेवरील शिष्ट अभिरुचीच्या आक्षेपांना ‘अनुभवाच्या अस्सलते’चे उत्तर दिले गेले आणि ते आवश्यकच होते. (साम्य याहून अधिक ताणू नये, एन.डब्ल्यू.ए.ने बंडाबरोबरच विक्रीचाही विचार केला होता.) पण अस्सलता शब्दांचे उगमस्थान सांगते, ते शब्द कोणावर पडतात याचा हिशेब ती देत नाही.

टू लाइव्ह क्रू या दुसऱ्या गटावरील अश्लीलतेच्या कारवाईसंबंधी किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९९१मध्ये लिहिलेला लेख इथे उपयोगी पडतो. कृष्णवर्णीय कलावंतांना निवडून लक्ष्य करण्यातला वंशवाद आणि गाण्यांतला स्त्रीद्वेष यांपैकी एकाची निंदा करण्यासाठी दुसऱ्याकडे काणाडोळा करण्यास त्यांनी नकार दिला. ही भूमिका अवघड आहे, कारण तीत कोणताही पक्ष सुखावत नाही.

जानेवारी १९९१मध्ये डॉ. ड्रे यांनी दूरचित्रवाणी निवेदिका डी बार्न्स यांना मारहाण केली; न्यायालयात त्यांनी आरोपाचा प्रतिवाद केला नाही. ड्रे आणि आइस क्यूब ज्याचे सहनिर्माते होते, तो या गटावरील चित्रपट २०१५मध्ये आला तेव्हा त्यात ही घटना नव्हती. बार्न्स यांनी त्याबद्दल लिहिले आणि त्यानंतर ड्रे यांनी आपण दुखावलेल्या स्त्रियांची जाहीर माफी मागितली. त्याच चित्रपटात पोलिसांच्या दांडगाईची दृश्ये मात्र सविस्तर आहेत.