अद्वैताला प्रमाणपत्र कशाला?

भूलतज्ज्ञ रोज जे करतो ते फार चमत्कारिक आहे, पण ऑपरेशनच्या धास्तीत आपले तिकडे लक्ष जात नाही. भुलीचा वायू छातीत जातो आणि मिनिटा-दोन मिनिटांत माणूस ‘नसतो’. हृदय चालू, मेंदूतले बरेचसे विद्युत्‌व्यवहार चालू. हरपते ती जाणीव. स्टुअर्ट हॅमरॉफ हे अ‍ॅरिझोना विद्यापीठातले भूलतज्ज्ञ या कोड्याला वर्षानुवर्षे चिकटून राहिले. पेशीच्या आत मायक्रोट्यूब्यूल नावाच्या प्रथिनांच्या नळ्या असतात, साधारण २५ नॅनोमीटर जाडीच्या. भुलीची औषधे शेवटी तिथेच घाव घालत असावीत, असे हॅमरॉफना वाटले. १९८९ मध्ये गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ यांचे ‘द एम्परर्स न्यू माइंड’ हे पुस्तक आले. गोडेलच्या प्रमेयाचा आधार घेऊन त्यांनी म्हटले होते की गणितज्ञाची समज कोणत्याही संगणकीय आज्ञावलीत बसत नाही. ती भौतिकशास्त्रातल्या अजून न उमगलेल्या एका घटनेतून येते. क्वांटम अवस्था गुरुत्वाकर्षणामुळे आपोआप कोसळते, ती ही घटना. पेनरोझांकडे भौतिकी होती, मेंदूतली जागा नव्हती. हॅमरॉफकडे जागा होती, भौतिकी नव्हती. जोडी जमली, आणि सिद्धांत उभा राहिला: मायक्रोट्यूब्यूलमधल्या क्वांटम अवस्था कोसळतात, तीच जाणीव.

हा सिद्धांत बहुधा चुकीचा आहे, असे माझे मत आहे. गोडेलवरून मनापर्यंतची उडी बहुतेक तर्कशास्त्रज्ञांना मान्य नाही. २००० साली मॅक्स टेगमार्क यांनी हिशेब मांडला: मेंदूसारख्या उबदार, ओलसर ठिकाणी क्वांटम अवस्था फार तर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागापुरती टिकेल. पेशींच्या संदेशांना लागतात मिलिसेकंद. हॅमरॉफ आणि सहकाऱ्यांनी उलट हिशेब करून हा काळ बराच वाढवून दाखवला. वाद मिटला नाही. तरीही या सिद्धांताबद्दल मला आदर आहे, कारण त्याला जखम करता येते. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली सुमारे १४०० मीटर खडकाच्या आड, वैश्विक किरणांपासून जपलेली एक प्रयोगशाळा आहे. तिथे जर्मेनियमच्या एका स्फटिकासमोर संशोधक जवळजवळ दोन महिने वाट पाहत राहिले. क्वांटम अवस्था खरोखरच अशा कोसळत असतील, तर पदार्थातून किंचित किरणोत्सर्जन व्हायला हवे होते. अपेक्षेइतके दिसले नाही. कोसळण्याच्या या कल्पनेचे सर्वांत साधे रूप त्यामुळे बाद झाले. समर्थक म्हणतात की पेनरोझांची मांडणी या प्रारूपाहून वेगळी आहे, म्हणोत. उलट बाजूने, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेलस्ली महाविद्यालयातील संशोधकांनी उंदरांना मायक्रोट्यूब्यूल घट्ट करणारे औषध दिले, तर आयसोफ्लुरेनने बेशुद्ध व्हायला त्यांना सरासरी ६९ सेकंद जास्त लागले. त्यातून क्वांटम सिद्ध होत नाही. पण नळ्यांचा भुलीशी काही संबंध असावा, एवढे म्हणायला जागा मिळते.

जाणिवेच्या चर्चेत क्वांटमशेजारी ओढल्या जाणाऱ्या होलोग्राफीची गोष्ट निराळी आहे, आणि गोंधळ खरा तिथे आहे. एकाच नावाखाली दोन बिऱ्हाडे नांदतात. पहिले मेंदूचे. कार्ल लॅश्ली यांनी उंदरांच्या मेंदूचे तुकडे काढून पाहिले. चक्रव्यूहाची आठवण कोणत्याही एका कोपऱ्यात सापडेना. किती मेंदू काढला यावर ती पुसट होई, कुठला काढला यावर नाही. डेनिस गाबोर यांच्या होलोग्रामच्या तुकड्यातही पूर्ण चित्र असते, फक्त धूसर. त्यावरून कार्ल प्रिब्रॅम यांनी स्मृती तशीच पसरलेली असावी, अशी कल्पना मांडली. दुसरे बिऱ्हाड कृष्णविवरांचे. पोत्यात धान्य किती मावेल हे पोत्याच्या आकारमानावर ठरते. जेकब बेकेनस्टाइन यांना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आढळले की कृष्णविवरात किती माहिती मावेल यासाठी मात्र कापड मोजावे लागते, म्हणजे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ. पुढे ’ट हूफ्ट, सस्काइंड, आणि १९९७ मध्ये हुआन मालदासेना या भौतिकशास्त्रज्ञांनी ही कल्पना वाढवली: आतल्या विश्वाचे वर्णन त्याच्या सीमेवरूनही करता येते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शिराझ मिनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात या वाटेने कृष्णविवराच्या समीकरणांतून द्रवप्रवाहाची समीकरणे काढून दाखवली. मुंबईतल्या होलोग्राफीचा विषय असा, द्रवाचा चिकटपणा. चैतन्याचे तिथे नावही नाही.

मायकेल टॅलबट यांनी १९९१च्या ‘द होलोग्राफिक युनिव्हर्स’मध्ये प्रिब्रॅम आणि भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांना एका माळेत ओवले, वर दूरसंवेदन आणि चमत्कार घातले. पुढे कृष्णविवरांची होलोग्राफी गाजली, तेव्हा लोकांच्या मनात तीही त्याच माळेत जाऊन बसली. तेव्हापासून आपल्याकडच्या व्याख्यानमालांत एक वाक्य ठरलेले आहे: विश्व होलोग्राम आहे, म्हणजे माया आहे, म्हणजे वेदान्त सिद्ध झाला.

यातले दोन्ही ‘म्हणजे’ चुकीचे आहेत. मालदासेनांच्या मांडणीत आतले विश्व खोटे आणि सीमेवरचे खरे, असे काही नसते. दोन्ही वर्णने तुल्यबळ. एकातला प्रश्न अवघड वाटला की दुसऱ्यात सोडवायचा. शिवाय त्यांच्या नमुन्यातला वैश्विक स्थिरांक ऋण आहे, आणि आपल्या विश्वाचा धन असल्याचे १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून दिसून आले. तेव्हा हा नमुना आपल्या विश्वाचा नव्हेच.

वेदान्ताच्या बाजूनेही हे जुळत नाही. शंकराचार्यांचे चैतन्य साक्षी आहे. ते कधीच दृश्य होत नाही, कशातून निर्माण होत नाही. पेनरोझांची जाणीव ही घडणारी घटना आहे, तिला कालावधी आहे, वायूने ती थांबते. दोघांपैकी एक बरोबर असेल तर दुसऱ्याला त्याचा पाठिंबा कसा मिळणार? आणि जगाला सरळ भ्रम म्हणून टाकणे ज्ञानेश्वरांनाही मान्य नव्हते. ‘अमृतानुभवा’तले सर्वांत मोठे प्रकरण त्यांनी अज्ञानाच्या खंडनाला दिले; अज्ञान नावाची वस्तूच नाही, जग हा चैतन्याचा विलास आहे, हे त्यांनी युक्तिवादाने मांडले, आणि त्या युक्तिवादाचे खंडन करायचे तर युक्तिवादानेच करावे लागेल. जर्मेनियमचा स्फटिक तिथे उपयोगाचा नाही.

क्वांटमच्या समीकरणालाच ज्याचे नाव आहे त्या श्रोडिंगरची गोष्ट ‘वेदान्त सिद्ध झाला’ या वाक्याच्या चाहत्यांनी नीट पाहावी. वेदान्तावरचा त्याचा निबंध १९२५चा, समीकरण १९२६चे. म्हणजे क्वांटमने त्याला वेदान्ताकडे नेले नाही; तो आधीच तिथे होता. एवढी श्रद्धा असूनही समीकरणात त्याने आत्मा घातला नाही. १९४४च्या ‘व्हॉट इज लाइफ?’मध्ये रेणू, ऊर्जा, आनुवंशिकता असा सगळा ऊहापोह झाल्यावर उपनिषदे येतात ती परिशिष्टवजा उपसंहारात, आणि तिथे हे आपले व्यक्तिगत मत आहे, असे तो आधीच सांगून टाकतो.