कागदाबाहेर आलेला हात

नॉर्वेच्या ‘आ-हा’ या त्रिकुटाच्या ‘टेक ऑन मी’ या गाण्यावर स्टीव्ह बॅरन यांनी १९८५ साली दिग्दर्शित केलेला म्युझिक व्हिडिओ जेमतेम पावणेचार मिनिटांचा आहे. त्यात बोललेला संवाद नाही. तरीही नायक, नायिका, खलनायक, पाठलाग, ताटातूट आणि पुनर्भेट असा पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा ऐवज त्यात आहे, आणि कुठेही घाई जाणवत नाही. पेन्सिलीने रेखाटलेला तरुण आणि हाडामांसाची मुलगी यांच्यातले अंतर हाच या कथेचा पेच. ते अंतर प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही, कारण ते डोळ्यांना दिसते. तंत्र काढून घेतले तर इथे कथाच उरत नाही. या व्हिडिओचे मोठेपण यात आहे.

मराठी-हिंदी चित्रपटांतल्या गाण्यांवर पोसलेल्या प्रेक्षकाला या प्रकारातली अडचण चटकन लक्षात येणार नाही. चित्रपटातले गाणे येते तेव्हा पात्रांची ओळख झालेली असते, त्यांचे नाते ठाऊक असते. दिग्दर्शकाला तयार भावनेवर उभे राहता येते. म्युझिक व्हिडिओला आगापिछा नसतो. शिवाय गाण्याची लांबी आणि कडव्यांचा क्रम ठरलेला असतो, आणि गायक-वादक पडद्यावर दिसलेच पाहिजेत, अशी ध्वनिमुद्रण कंपनीची अपेक्षा असते. या चौकटीत गोष्ट बसवताना बहुतेक दिग्दर्शक एकीकडे वाद्यवृंद आणि एकीकडे एखादे प्रेमी युगुल दाखवून दोन्हींत आलटून पालटून फिरत राहतात. गोष्ट आणि गाणे शेजारी शेजारी चालतात; एकमेकांत मिसळत नाहीत.

‘टेक ऑन मी’चा इतिहासही या दृष्टीने बोलका आहे. हे गाणे १९८४मध्ये एकदा बाजारात येऊन गेले होते. त्या वेळच्या व्हिडिओत वादक साध्या पार्श्वभूमीवर गाताना दिसत. गाणे चालले नाही. पुढे निर्माते ॲलन टार्नी यांच्या देखरेखीखाली ते नव्याने ध्वनिमुद्रित झाले, आणि वॉर्नर ब्रदर्सच्या जेफ एरॉफ यांनी नव्या व्हिडिओवर मनापासून पैसा लावला. १९८५च्या ऑक्टोबरमध्ये गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. यशाचे सारे श्रेय व्हिडिओला देणे टार्नींवर अन्याय करणारे ठरेल. पण व्हिडिओशिवाय हे गाणे जगभर इतके ओळखीचे झाले असते, असेही म्हणता येत नाही.

एरॉफ यांच्या मनात एक नमुना होता. मायकल पॅटरसन यांनी विद्यार्थिदशेत ‘कम्यूटर’ नावाचा पेन्सिलीच्या रेषांतला लघुपट केला होता. तीच शैली बॅरन यांच्या हाती आली. पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर यांनी ॲनिमेशनची बाजू सांभाळली. पद्धत रोटोस्कोपीची होती. आधी खऱ्या नटांना घेऊन प्रसंग चित्रित करायचा, मग त्यातली एकेक फ्रेम कागदावर उमटवून तिच्यावरून हाताने रेषा काढायच्या. मॅक्स फ्लायशर यांनी या यंत्रणेच्या पेटंटसाठी १९१५मध्ये अर्ज केला. ते १९१७मध्ये मिळाले. योगायोग असा की १९१५मध्येच इकडे दादासाहेब फाळके ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या फ्रेममागून फ्रेम हलवत होते. ‘टेक ऑन मी’साठी सुमारे तीन हजार फ्रेम रेखाटल्या गेल्या आणि त्याला सुमारे सोळा आठवडे लागले.

या श्रमाचा एक परिणाम विशेष मोलाचा आहे. हाताने काढलेली कोणतीही दोन चित्रे तंतोतंत सारखी उतरत नाहीत. त्यामुळे ती पडद्यावर ओळीने धावू लागली की रेषा थरथरतात, छटा लवलवतात. गुळगुळीत ॲनिमेशनमध्ये हा दोष मानला जाईल. इथे त्याच थरथरीमुळे कागदावरचा माणूस श्वास घेतोय असे वाटते. हालचाल मात्र खऱ्या शरीराची असते: मान वळते ती खऱ्या मानेसारखी, पापणी लवते ती खऱ्या पापणीसारखी. म्हणूनच हा माणूस त्या मुलीला भुरळ घालू शकतो. संपूर्ण काल्पनिक, व्यंगचित्री नायक असता तर प्रेक्षकाने हा प्रसंग गंमत म्हणून पाहिला असता.

सुरुवात चित्रकथेतच होते. साइडकार लावलेल्या मोटारसायकलींची शर्यत चालू आहे. नायक, म्हणजे ‘आ-हा’चा गायक मॉर्टन हार्केट, दोन दांडगट प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकतो. मग कळते, की लंडनमधल्या एका साध्या कॅफेत बसलेली मुलगी हे पुस्तक वाचते आहे. या क्रमामुळे प्रेक्षक तिच्याआधी त्या जगात जाऊन आलेला असतो. चित्रातला तरुण डोळा मिचकावतो. ती दचकते. मग पानातून एक रेखाटलेला हात वर येतो, त्रिमितीत, टेबलावरच्या कपाच्या शेजारी. बॅरन यांनी इथे कॅफेत काहीच चमत्कारिक ठेवलेले नाही. फिके रंग, जेवणारी गिऱ्हाइके. एका अद्भुत वस्तूला उठाव यायचा असेल तर तिच्याभोवती सारे रोजचे हवे, हे भान त्यात दिसते. ती हात धरते आणि आत ओढली जाते. आत जाताच तीही रेषांची होते.

यानंतरचा आयताकृती चौकटीचा प्रसंग म्हणजे या व्हिडिओचा गाभा. दोघांच्या मध्ये आरशासारखी एक रिकामी चौकट आहे. तिच्यातून दिसतो तो चेहरा खराखुरा, बाहेर राहते ते शरीर पेन्सिलीचे. दोघे तिच्याभोवती फिरतात तसा खऱ्या-रेखाटलेल्याचा पट बदलत राहतो. हे पाहणाऱ्याला कथेचा नियम एका शब्दाविना समजतो: या दोन जगांत ये-जा होऊ शकते, आणि ती या खिडकीतून होते. नियम कळला म्हणजे तो मोडल्यावर काय होईल याची धास्तीही आपोआप येते. गाणाऱ्यांचे दर्शनही इथेच साधले आहे. नायक तिला उद्देशून गातो, म्हणून त्याच्या गाण्याला कारण आहे. त्याचे दोन सहकारी वाजवतात तेही त्याच कागदी जगाचे रहिवासी म्हणून.

संकट येते ते बाहेरून, आणि फार साध्या कारणाने. वेट्रेस बिल घ्यायला येते, टेबल रिकामे दिसते. गिऱ्हाईक पैसे बुडवून पळाले अशा समजुतीने ती संतापून पुस्तक चुरगळते आणि कचऱ्याच्या डब्यात फेकते. पटकथेतली ही जागा वारंवार अभ्यासण्यासारखी आहे. वेट्रेस दुष्ट नाही. तिच्या जागी ती बरोबरच आहे. तिच्या एका कृतीने आतल्या जगाची मात्र उलथापालथ होते. शर्यतीतले दोघे प्रतिस्पर्धी चवताळून येतात. त्यांतला एक पान्याने ती चौकट फोडतो आणि परतीची वाट बंद होते. दोघे कागदी भिंतींच्या चक्रव्यूहातून पळतात. शेवटी पुढे वाट उरत नाही, तेव्हा नायक भिंत फाडतो आणि मुलीला त्या भोकातून बाहेर काढतो. ती कॅफेत कचऱ्याच्या डब्याशेजारी सापडते. कागद चुरगळतो, फाटतो, सपाट करता येतो; कथेतली प्रत्येक कलाटणी कागदाच्या अशा एकेका गुणधर्मातून निघाली आहे. घरी जाऊन मुलगी ती चुरगळलेली पाने हाताने सपाट करते, तेव्हा तिला नायक निपचित पडलेला दिसतो.

शेवटच्या भागाची प्रेरणा केन रसेल यांच्या ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या १९८०च्या चित्रपटातून घेतली आहे. तिथे नायक माणूसपण टिकवण्यासाठी बोळात भिंतींवर आदळतो. इथे तरुण चित्राची चौकट फोडायला धडपडतो आणि घरातल्या अरुंद बोळात अवतरतो. डाव्या-उजव्या भिंतींवर स्वतःला झोकून देतो, आणि प्रत्येक धडकेला क्षणभर रेषांचा, क्षणभर मांसाचा दिसतो. दोन माध्यमांतली झटापट इथे एकाच शरीरात उतरते. संकलनाचा वेग वाढतो तो याच कारणासाठी. अखेर तो पूर्ण माणूस होऊन उभा राहतो, मुलगी त्याच्याकडे धावते आणि गाणे संपते.

१९८६च्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओला दिग्दर्शनासह सहा पुरस्कार मिळाले. वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ मात्र डायर स्ट्रेट्सचा ‘मनी फॉर नथिंग’ ठरला. संगणकाने घडवलेल्या ठोकळेवजा पात्रांचा तो व्हिडिओही बॅरन यांचाच होता. हाताची रेषा आणि संगणकाची आकृती, दोन्ही एकाच दिग्दर्शकाने एकाच वर्षात वापरल्या. पण संगणकी पात्रांना तिथे गोष्ट सांगायची नव्हती.

‘द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही’ या पुढच्या गाण्याच्या व्हिडिओची सुरुवात याच कथेच्या पुढच्या भागाने झाली. तो तरुण पुन्हा रेषांमध्ये विरघळू लागतो आणि मुलीला सोडून निघून जातो. पहिल्या व्हिडिओचा सुखान्त पाहिलेल्यांना हा शेवट जड जातो, पण तो त्या जगाच्या नियमाला धरून आहे: कागदावरचा जीव बाहेर कायमचा टिकेल, असे कथेने कधी म्हटलेच नव्हते. पुढे पॅटरसन आणि रेकिंगर यांनी पॉला अब्दुलच्या ‘ऑपोजिट्स अट्रॅक्ट’साठी हाडामांसाची गायिका आणि ॲनिमेशनमधला बोका एकाच फ्रेममध्ये नाचवले. तिथली कारागिरी वाखाणण्यासारखी आहे. पण दोघे पहिल्यापासून निर्धास्तपणे एका जगात वावरतात. मध्ये ओलांडायची चौकट नाही, म्हणून त्यात नृत्य आहे, कथा नाही.