आतला आवाज कोणाचा?

रात्री शॉर्टवेव्ह रेडिओचा काटा फिरवताना जगभरच्या श्रोत्यांनी एक चमत्कारिक गोष्ट ऐकली आहे. एक बाई एकसुरी आवाजात नुसते आकडे वाचत असते. गाणे नाही, बातम्या नाहीत. हे आकडे गुप्तहेरांसाठी असतात. ते उलगडण्याची किल्ली फक्त पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे. ऐकणारे हजारो, समजणारा एकच.

क्यूबाहून येणारे असे आकडे वॉशिंग्टनमध्ये ऍना मॉन्टेस नावाची अधिकारी ऐकत असे. अमेरिकेच्या संरक्षण गुप्तवार्ता खात्यात ती १९८५ पासून नोकरीला होती. तिची सख्खी भावंडे एफबीआयमध्ये होती, त्यांनाही पत्ता नव्हता. २००१ मध्ये तिला अटक झाली आणि २००२ मध्ये २५ वर्षांची शिक्षा. हे तिने पैशासाठी केले नव्हते. आपण कायद्यापेक्षा सदसद्विवेकबुद्धीचे ऐकले, असे तिने न्यायालयात सांगितले. २०२३ मध्ये ती सुटली.

बंधुभगिनींनो, इथे आपल्याला थांबावे लागते. अंतःकरणाच्या गाभाऱ्यात देवाचा आवाज घुमतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये शिकवले. मग मॉन्टेस चुकली कुठे?

क्यूबावर अन्याय होतो, हे तिचे मत गुन्हा नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९२ पासून अमेरिकेच्या निर्बंधांविरुद्ध वारंवार ठराव केले आहेत. राजीनामा देऊन तिला उघड बोलता आले असते. तिने मात्र शपथ घेऊन विश्वास मिळवला आणि तोच विकला. चार गुप्त अधिकाऱ्यांची ओळख क्यूबाला कळवली.

गुप्तता नेहमीच पाप असते असे नाही. महायुद्धात ज्यू मुलांना मठांत लपवणाऱ्या धर्मभगिनींनीही गुप्तता पाळली. पण दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून त्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला. मॉन्टेसने दुसऱ्यांचे जीव धोक्यात घातले, तेही त्यांना न विचारता.

बाळ शमुवेलाला रात्री हाक ऐकू आली. तो तीनदा उठून एलीकडे धावला. ही हाक देवाची आहे, हे त्याला एलीनेच उमजवले. सकाळी संदेश एलीच्याच विरुद्ध निघाला, तरी शमुवेलाने काही लपवले नाही. देवाचा आवाज एकट्याला ऐकू येतो, पण त्याची किल्ली एकट्याच्या खिशात नसते.

भावाला न सांगता सातबाऱ्यावरून त्याचे नाव काढणाराही म्हणतो, ‘माझे मन मला खात नाही.’ मन शांत आहे, एवढा पुरावा पुरत नाही. ज्याचे नुकसान होणार आहे त्याच्या डोळ्यांत पाहून मी हे सांगू शकेन का? निदान धर्मगुरूंपुढे, पापनिवेदनात? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो आवाज नक्की कोणाचा, हे आज मिस्साहून घरी जाताना आपण स्वतःला विचारू या.