पॅरिसमधली एक खोली

कॉलेजच्या मुलांमध्ये प्रभूचं काम करण्यात एवढा आनंद कसला, असं कुणी विचारलं की मला पॅरिसच्या सेंट बार्ब कॉलेजमधली एक खोली आठवते. साल १५२९. पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर, दोघेही तेवीस वर्षांचे, तिथे राहत होते. त्यांच्यात तिसरा आला, इग्नेशियस लोयोला. वयाने बराच मोठा, तोफगोळ्याने जायबंदी झालेल्या पायाचा. फेबर त्याला अ‍ॅरिस्टॉटल समजावून देऊ लागला. म्हणजे धर्माची ओढ लावायला आलेला माणूस आधी त्या पोरांचाच विद्यार्थी झाला! मला तर सगळ्या मिशनकार्याचं मर्म इथेच दिसतं.

झेवियर मात्र सहजी वळेना. त्याला नाव हवं होतं, मानाची जागा हवी होती. इग्नेशियसने त्याच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले, पैशाची नड भागवली आणि धीर धरला. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी देवापुढे व्रत घेतलं. त्यात झेवियरही होता.

१५४२ साली तो मिशनकार्यासाठी गोव्यात उतरला. पुढे मित्रांच्या पत्रांतल्या सह्या कापून त्याने गळ्यात बाळगल्या. आणि १५४४ च्या पत्रात तो लिहितो, की पॅरिसच्या विद्यापीठात जाऊन वेड्यासारखं ओरडावंसं वाटतं: विद्या पुष्कळ मिळवलीत, आता तिचा उपयोग लोकांसाठी करा! इतक्या दूर, कामाच्या एवढ्या रगाड्यातही त्याला कॉलेजची मुलंच आठवत होती.