दत्तक मूल आणि वंशाची अमानत



अंबड असो, परतूर असो वा भोकरदन, निपुत्रिक भावाच्या किंवा बहिणीच्या ओटीत आपले मूल घालण्याची चाल आपल्या समाजात जुनी आहे. काही वेळा जन्माची नोंद करतानाच सांभाळणाऱ्यांची नावे आई-बाप म्हणून सांगितली जातात. हेतू प्रेमाचा असतो, यात शंका नाही. परंतु ती खोटी नोंद शाळेच्या दाखल्यावर उतरते आणि अखेर निकाहनाम्यात वल्दियत म्हणून जाऊन बसते. तोवर खरे ठाऊक असलेली आजी कबरस्तानात पोहोचलेली असते.

ह. जैद बिन हारिसा (रजि.) यांचे उदाहरण पाहा. लहानपणी पळवून नेलेले हे मूल उकाजच्या बाजारात विकले गेले आणि ह. खदीजा (रजि.) यांच्यामार्फत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरी आले. पित्याने शोध सोडला नव्हता. पत्ता लागताच हारिसा आपल्या भावासह मोबदला घेऊन मक्केत आले. प्रेषितांनी (स.) त्यांना परतवले नाही, मुलापासून लपवलेही नाही. जैदना समोर बोलावून निवड त्यांच्यावरच सोपवली आणि ते जाऊ इच्छित असतील तर मोबदलाही नको, असे सांगितले. जैद यांनी प्रेषितांजवळ राहणे पसंत केले. तरीही मदीनेत सूरह अल-अहजाबचा आदेश आला, तेव्हा ‘जैद बिन मुहम्मद’ पुन्हा ‘जैद बिन हारिसा’ झाले. माया तसूभरही कमी झाली नाही. फक्त नाव खऱ्या पित्याकडे परतले.

या आदेशाचा अर्थ अनाथाला दूर लोटा, असा कोणी लावू नये. अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्याजवळ असेल, हे प्रेषितांनी (स.) दोन बोटे दाखवून सांगितले आहे. मनाई आहे ती वंश पुसण्याला. वंश पुसला की कोण महरम, कोण वारस, कोणाशी निकाह निषिद्ध, सारेच अंधारात जाते. सख्ख्या बहिणीचे स्थळ सांगून आले तरी त्या मुलाला ते कसे कळावे? पाळलेल्या मुलाला वारसा मिळत नाही ही खंत असेल, तर हयातीत हिबा करता येतो, एक तृतीयांशापर्यंत वसियतही करता येते. त्यासाठी खोट्या वल्दियतीची गरज नाही.

कायद्याचीही वाट आहे. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे नाव-कूळ न बदलता पालकत्व घेता येते. बाल न्याय कायद्याखालील दत्तकविधान मुस्लिमांनाही खुले आहे, पण ते ऐच्छिक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शबनम हाश्मी प्रकरणात स्पष्ट केले. संस्थेतून रीतसर दिलेल्या मुलाची कागदपत्रे जपली जातात. 2022 च्या दत्तक विनियमांनुसार 18 वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः आपल्या मुळाचा शोध मागू शकते. त्याहून लहान मुलाने पालकांसह अर्ज करायचा असतो. तिसऱ्या माणसाला हा अधिकार नाही. घरातल्या घरात दिलेल्या मुलाची मात्र अशी फाइल कोठेच नसते. त्याच्या फाइलीच्या जागी तुम्हीच आहात.

आता शोध घेणाऱ्या तरुण भावा-बहिणींनो, तुमचा हक्क खरा आहे; पण दुसऱ्या बाजूलाही एक माणूस आहे. जन्मदात्यांनी मूल सोपवताना आपली ओळख गुप्त ठेवायला सांगितले असेल, तर ती त्यांच्या संमतीशिवाय उघड होत नाही. ही अट जाचक वाटेल, मला ती योग्य वाटते. ती स्त्री आज कोणाची तरी सासू असेल, तिच्या घरात हे कोणालाच ठाऊक नसेल. मोहल्ल्यात विचारपूस करत हिंडणे, मोबाइलवर छायाचित्रे फिरवणे म्हणजे तिचा पडदा फाडणे आहे. अर्ज करा, निरोप जाऊ द्या, उत्तराची वाट पाहा. नकार आला तर तिच्यासाठी दुआ करा. रक्ताच्या नात्याचा तेवढा हक्क तरी कोणी अडवू शकत नाही.

आणि ज्यांना काहीच सापडणार नाही? टाकून दिलेल्या मुलाच्या कागदांत कधी फक्त तो कोठे आणि कोणत्या परिस्थितीत मिळाला, एवढेच असते. त्यांच्यासाठी त्याच आदेशात पुढे तरतूद आहे: पिता ठाऊक नसेल तर ते तुमचे धर्मबंधू आणि स्नेही आहेत. ह. सालिम (रजि.) ‘अबू हुजैफांचे मौला’ म्हणूनच ओळखले गेले. प्रेषितांच्या (स.) हिजरतीपूर्वी कुबा येथे जमलेल्या मुहाजिरांची नमाज तेच पढवत, कारण त्यांच्यात सर्वाधिक कुरआन त्यांनाच मुखोद्गत होता.